गच्चीवरून सूर्याचं चुंबकत्व कसं अभ्यासायचं (नाशिककरांसाठी)

आधी एक गोष्ट पक्की, बायनॉक्युलरला डोळा लावून सूर्य बघायचा नाही, एक सेकंदसुद्धा नाही. एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच हे जुगाड पण बाद.

बायनॉक्युलर ट्रायपॉडवर बांधा, एका भिंगाला झाकण, आणि दुसऱ्यातून बिंब मागे धरलेल्या पांढऱ्या कार्डशीटवर पाडा, कड रेखीव झाली की काळे ठिपके दिसतात, हेच सूर्याचे डाग, तिथे चुंबकत्व जोरदार असतं. ठिपका खरा की धूळ? बायनॉक्युलर किंचित हलवा, बिंबासोबत सरकला तर सूर्याचा. दोन-तीन मिनिटांत आटपा, आतली प्रिझम तापतात.

कागदावर आधीच एक गोल काढून ठेवा आणि रोज त्याच वेळेला डाग टिपा, साधारण 13 दिवसांत डाग या कडेहून त्या कडेला जातो, कारण पृथ्वीवरून बघताना सूर्याची एक फेरी 27 दिवसांची. मग नेटवर नासाच्या एसडीओ या सूर्य बघणाऱ्या यानाचा त्याच दिवसाचा मॅग्नेटोग्राम, म्हणजे सूर्यावरच्या चुंबकीय क्षेत्राचा नकाशा, काढा. तुमचं चित्र उलटसुलट असेल, कागद फिरवून किंवा उजेडासमोर मागून बघून जुळवा. पांढरं म्हणजे चुंबकीय क्षेत्र बाहेर येतंय, काळं म्हणजे आत जातंय. डागांच्या जोडीत पुढे पांढरं की काळं हे उत्तर आणि दक्षिण गोलार्धात बहुतेक वेळा उलट असतं, पुढच्या सुमारे 11 वर्षांच्या चक्रात तेही पालटतं. डागांत चुंबकत्व आहे हे अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ हेलने 1908 मध्ये दाखवलं.

आता पृथ्वीवरचा परिणाम. बातम्यांतल्या 'एक्स क्लास'ला (सूर्यावरच्या सर्वांत जोरदार भडक्यांचा वर्ग) भुलू नका राव, पृथ्वीवरच्या चुंबकीय वादळाचा खरा आकडा बीझेड, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण भाग, तो नोआ या अमेरिकी हवामान संस्थेच्या साइटवर लाइव्ह मिळतो. हे क्षेत्र दक्षिणेकडे झुकलं म्हणजे बीझेड उणे, आणि तो तासन्‌तास उणे 10 नॅनोटेस्लाच्या खाली राहिला की पृथ्वीच्या चुंबकीय कवचाचं दार उघडतं. हे मोजणारी यानं पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने 15 लाख किमीवर एल-1 या समतोल बिंदूपाशी असतात, आपलं इस्रोचं आदित्य यान पण जानेवारी 2024 पासून तिथेच, त्यामुळे इशारा जेमतेम तासाभराचा. मे 2024 च्या वादळात लडाखच्या हानलेहून लाल ध्रुवीय प्रकाश टिपला गेला, नाशिकहून ती आशा ठेवू नका, इथे फार तर जीपीएस भरकटेल, ड्रोनने द्राक्षबाग फवारणाऱ्यांनी त्या दिवशी जरा जपून.

अलिबागची चुंबकीय वेधशाळा 1904 पासून पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजतेय, मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाबा वेधशाळेचं काम तिकडे हलवलं होतं.

जूनपासून ढग, गच्ची बंद. तेव्हा वहीत रोजचा बीझेड आणि केपी (पृथ्वीवरच्या चुंबकीय खळबळीचा 0 ते 9 आकडा) लिहीत राहा, डाग ऑक्टोबरात.