चिन्ह बदललंय? मग आधी जुनं पुसा

रहिमतपूरला माझं पेंटिंगचं दुकान आहे. दुकानांचे बोर्ड, ट्रकमागची अक्षरं आणि निवडणूक लागली की भिंती. सगळ्याच पक्षांच्या रंगवतो, त्यामुळं कोण खरा आणि कोण गद्दार हे मला विचारू नका. २०२२ साली शिवसेना फुटली, पुढच्या वर्षी राष्ट्रवादी, आणि दुकानात जो येईल तो एकच विचारायला लागला, "पेंटर, नवं चिन्ह लोकांच्या डोक्यात कसं बसवायचं?" पुढच्या खेपेला कुणावर पाळी येईल सांगता येत नाही, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

पहिलं काम पुसायचं. कार्यकर्त्यांना नवं फ्लेक्स लावायची घाई असते आणि जुनं चिन्ह शाखेच्या बोर्डावर, पाण्याच्या टाकीवर, गणपतीत वाटलेल्या पिशव्यांवर तसंच राहतं. वही घ्या, एक दिवस गावभर फिरा, दिसेल तिथलं टिपा. ऑइलपेंटवर नुसता चुना मारू नका, धरत नाही. पहिल्या पावसात पापुद्रा सुटतो आणि खालचं चिन्ह परत तोंड वर काढतं. पॉलिशपेपरनं घासा, प्रायमर मारा, मग रंग. घरमालकाची परवानगी लेखी घ्या. १९९५ चा मालमत्ता विद्रूपणाचा कायदा आहे, तोंडी 'हो' चालत नाही.

चिन्ह कुणाचं हे निवडणूक आयोग ठरवतो, १९६८ च्या आदेशाप्रमाणं. आमदार-खासदार आणि संघटना कुणाकडं जास्त, ते बघून. तुमचा त्यात काही इलाज नाही, निकालाची वाट बघत बसू नका.

नवं चिन्ह जुन्याला कुठंतरी जोडता येतं का बघा. माझे वडील पेंटर होते. काँग्रेस १९६९ ला फुटली आणि १९७१ च्या लोकसभेला बैलजोडी कुणालाच वापरता आली नाही. इंदिराबाईंना गाय-वासरू मिळालं. मी नऊ वर्षांचा, रंगाचा डबा धरून उभा. एक म्हातारा थांबला, भिंतीकडं बघून म्हणाला, "दुसरा बैल बारका काढलास की रं!" वडिलांनी त्याला शांतपणे समजावलं, पण रात्री जेवताना हसत होते. शेतकऱ्याच्या गोठ्यातनं चिन्ह बाहेर गेलंच नव्हतं ना! ३५२ जागा आल्या. श्रेय 'गरिबी हटाओ'चंही होतं, ते मी नाकारत नाही. १९७८ ला पुन्हा फूट, पुन्हा नवं चिन्ह, हात. तो तर समजवायलाच लागला नाही, कार्यकर्ता पंजा दाखवत गेला की झालं. मशाल, तुतारी ह्या वस्तूही हातात धरता येतात. धरा की! फ्लेक्सवर नेत्याचा फोटो आठ फुटी आणि चिन्ह कोपऱ्यात, हे मला आजवर कळलेलं नाही.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट, ही नीट वाचा. मशीनवर चिन्ह रंगीत नसतं. नुसतं काळं, बोटाच्या पेराएवढं. तुम्ही महिनाभर भगव्या-पिवळ्या ज्वाळा दाखवता आणि आजी आत जाऊन पिवळं शोधते. म्हणून मी प्रत्येक गल्लीत एक तरी भिंत काळ्या रेघांची करतो. आयोगाकडनं आलेलं चित्र जसंच्या तसं, एक रेघ इकडची तिकडं नाही. कलाकारी करायची हौस असेल तर देवळात करा.

मग सारखी दिसणारी, सारखी ऐकू येणारी चिन्हं शोधा. २०२४ च्या लोकसभेला एकीकडं शरद पवारांच्या पक्षाचा 'तुतारी वाजवणारा माणूस' आणि अपक्षाला नुसती 'तुतारी', जिला आपण पिपाणी म्हणतो. आमच्या साताऱ्यात पिपाणीला ३७ हजारांच्या वर मतं पडली आणि पवारसाहेबांच्या पक्षाचा उमेदवार ३२ हजारांवर मतांनी पडला. दिंडोरीत पिपाणीनं लाखावर मतं खाल्ली, तरी तिथं 'वाजवणारा माणूस'च निवडून आला. ती सगळी मतं चुकून पडली असं छातीठोक कुणी म्हणू नये. पण प्रचारात नुसतं "तुतारी, तुतारी" ओरडलं की असं होणारच. "वाजवणारा माणूस बघा, माणूस नसेल तर बटण दाबू नका" एवढं घरोघर सांगायला हवं होतं. अर्ज माघारीनंतर यादी आली की त्याच रात्री सगळी चिन्हं टेबलावर मांडा आणि चष्मा काढून बघा. जे तुम्हाला सारखं वाटेल ते म्हातारीला हमखास वाटणार.

त्याच यादीतनं अनुक्रमांक कळतो. मशीनवर आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत, शेवटी अपक्ष. नमुना मतपत्रिका छापताना आपलंच नाव आणि चिन्ह आपल्या नंबरावर टाका, बाकीच्या ओळी कोऱ्या ठेवा. रंग आणि आकार खऱ्यासारखा नको. मतदानादिवशीच्या स्लिपा साध्या पांढऱ्या, त्यावर पक्ष नाही, चिन्ह नाही.

आणि पेंटरचे पैसे मतमोजणीच्या आधी द्या. पडलेल्या उमेदवाराचा फोन लागत नाही, निवडून आलेल्याचा तर त्याहून नाही.