गादीवाफा कुंपणाला चिकटवू नका: पावसाआधी मागची बाजू मोकळी करा

पाऊस तोंडावर आहे, तेव्हा बाकीची कामं थांबली तरी चालतील. कुंपणालगत गादीवाफा (जमिनीपेक्षा उंच केलेला वाफा) केला असेल तर आधी त्याच्या मागे जाऊन बघा. कुंपण आणि वाफा यांच्यात पाण्याला वाट आहे का? नसेल तर हा वाफा पहिल्या झडीतच हातचा जाणार. पुढून तो भुसभुशीत, देखणा दिसतो आणि मागे कुंपणाच्या पायाशी पाणी साचून मुळं गुदमरत असतात. चार दिवसांनी मागच्या ओळीतली रोपं जमिनीलगत मऊ पडून कोलमडतात. मग दोष बियाण्याला दिला जातो.

कुंपणापासून 45 सें.मी. पट्टी मोकळी सोडा. तण काढायला, वेल बांधायला माणूस आत शिरला पाहिजे. या पट्टीत 15 सें.मी. खोल चर काढा आणि त्याला मीटरमागे 1 सें.मी. उतार द्या. उतार डोळ्यांच्या अंदाजाने धरू नका. पाणी भरलेली पारदर्शक नळी दोन्ही टोकांना धरून पातळी तपासा. चराचं खालचं टोक मोकळं हवं. टोक बंद ठेवलेला चर म्हणजे लांबट डबकंच. जागा अगदीच कमी असेल तर पट्टी 20 सें.मी.वर आणा, पण चर सोडू नका.

लाकडी कुंपणाला माती टेकली की खांब बुडापासून कुजतात. भिंतीलगत उलटंही घडतं: वाऱ्याच्या आडोशाला पाऊस पोचत नाही, वरून वाफा कोरडा राहतो आणि खाली चर तुंबलेला असतो. जिवंत कुंपण असेल तर किमान 1 मीटर दूर राहा. त्याची मुळं खत-पाणी ओढून घेतात.

वाफा भरण्याआधी 30 सें.मी. खोल खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी पातळी तासाला 2.5 सें.मी.पेक्षा हळू उतरली तर वाफ्याची उंची 30ऐवजी 40 सें.मी. करा.

बांधणी:
- लांबी 3 मीटर, रुंदी 75 सें.मी., उंची 30 सें.मी.
- तळाची माती कुदळीने 15 सें.मी. मोकळी करणे
- कडेला विटा किंवा फळ्या, दर मीटरला खुंट
- काठापर्यंत भरावासाठी सुमारे 675 लिटर: माती 450, कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट 225
- निंबोळी पेंड चौरस मीटरला 100 ग्रॅम
- भराव काठापेक्षा 5 सें.मी. वर, कारण तो बसतो
- उंच वेल त्यांची सावली बाकी रोपांवर पडणार नाही अशा बाजूला, पालेभाज्या पुढे
- 5 सें.मी. पालापाचोळ्याचं आच्छादन, खोडापासून दूर

दुकानदार तयार मातीच्या पिशव्या, तळाला अंथरायचं प्लास्टिक आणि खडीही गळ्यात मारेल. प्लास्टिक निचराच अडवतं. खडीच्या थरानेही निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खडीत सहज उतरत नाही, थराच्या वरच अडतं. पैसे खर्चायचेच असतील तर चांगल्या शेणखतावर खर्चा. मूठभर ओलं मिश्रण दाबून सोडा: गोळा बोटाने फुटला तर ठीक, चिकटून राहिला तर कंपोस्ट वाढवा.

रोपं कोलमडू नयेत म्हणून 100 किलो कुजलेल्या शेणखतात 1 किलो ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) मिसळून 10 ते 15 दिवस सावलीत ओलसर ठेवा, मग वाफ्यात घाला. बियाण्याला किलोमागे 5 ग्रॅम चोळा. तरीही रोपं पडू लागली तर कॉपर ऑक्सिक्लोराईड (50 टक्के) 10 लिटर पाण्यात 30 ग्रॅम मिसळून बुडाशी ओता. मात्र ट्रायकोडर्मा आणि ताम्रयुक्त औषध एकत्र देऊ नका. आणि चर तुंबलेलाच असेल तर हे ओतणंही वाया.

मागच्या पट्टीत तण माजलं की गोगलगायी तिथे दिवस काढतात आणि रात्री रोपांवर येतात. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट तिथे टाका. सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी, हातमोजे घालून, साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात टाका. मीठ वाफ्यात नको.

पहिली मोठी सर थांबल्यावर दोन तासांनी मागे जाऊन बघा. चरात पाणी उभं दिसलं तर त्याच दिवशी कुदळ घेऊन टोक आणखी खोल करा. वाफसा येईपर्यंत, म्हणजे जास्तीचं पाणी निथळून माती नुसती ओलसर राहीपर्यंत, वाफ्यावर पाय देऊ नका आणि नवी लावणीही करू नका.