चांदणी पतंगाच्या गिरक्या कशा थांबवल्या

सहा टोकांच्या चांदणीचं चित्र मिळालं, पण मापं नव्हती. ती भूमितीतून काढली: 90 सेंटीमीटरच्या तीन कामट्या मधोमध बांधल्या, की एक सोडून एक टोक जोडणारा दोरा 78 सेंटीमीटर येतो. असे दोन त्रिकोण. दोरे छेदतात तिथे गाठ हवीच, नाहीतर कागद सुरकुततो.

वेताळ टेकडीवर मात्र पतंग नुसता गिरक्या घेई. रविवार पेठेतले एक पतंगवाले काका म्हणाले, "कण्णी तीन दोऱ्यांची कर. आणि शेपटाशिवाय हा उभा राहायचा नाही, बाबा."

कण्णी, म्हणजे मांजा जिला जोडतात ती पतंगावरची दोऱ्यांची बांधणी, अशी केली: दोन दोरे वरच्या टोकांना, तिसरा मध्याला. खालच्या दोन टोकांमध्ये सैल दोरा, त्याच्या मधोमध जुन्या सुती साडीची लांब पट्टी. ती वाढवत गेलो तसा पतंग स्थिरावला. बर्म्युडात गुड फ्रायडेला उडवतात त्या बहुकोनी पतंगांनाही असंच लांबलचक शेपूट असतं.