घरी अ‍ॅल्युमिनियमचे पार्ट कापताय, घासताय? या चुका टाळा

गाडीच्या मागे टॉप बॉक्ससाठी ५ एमएमची प्लेट घरीच कापू म्हटलं, ग्राइंडरला लोखंड कापायचं चाक होतं तेच ठेवलं, आणि दोन मिनिटांत चाकाची कड अशी गुळगुळीत झाली की कापणं सोडा, नुसता वास आणि आवाज. लोखंडाची सवय असली की पहिली चूक हीच होते. अ‍ॅल्युमिनियम मऊ आणि चिकट, ते गरम होऊन चाकाच्या दाण्यांमध्ये जाऊन बसतं, मग तुम्ही जोर लावता, चाक अजून तापतं आणि फुटायची पण भीती. बेंच ग्राइंडरच्या दगडावर तर धरूच नका. त्यात लोखंडाची आणि अ‍ॅल्युमिनियमची बारीक पूड एकत्र साठली अन् ठिणगी पडली तर जी आग लागते ती पाण्याने विझवायच्या भानगडीत पडू नये.

साधी हॅक्सॉ, म्हणजे धातू कापायची हातकरवत घ्या. ५ एमएमला इंचाला १८ दातांचं पातं बरोबर बसतं, एका वेळी तीन तरी दात मालात पाहिजेत. पातळ पत्रा असेल तर बारीक दात आणि खालीवर प्लायवूडचा तुकडा. मधून मधून रॉकेल किंवा डब्ल्यूडी-४० चे दोन थेंब, बास. आणि हो, शेगड्यात (व्हाइसमध्ये) पार्ट तसाच आवळू नका, त्याच्या दातांचे ठसे उमटले की ते घासून काढण्यात अख्खा रविवार जातो (माझा गेलाय).

कानस भरते ही दुसरी रड. दातांत पांढरा कीस अडकतो आणि तोच कीस पुढच्या हाताला पार्टवर खोल रेघ ओढतो, आपल्याला वाटतं कानस खराब आहे. आधी कानशीवर शाळेतला खडू घासा, मग वापरा, भरली की तारेच्या ब्रशने दातांच्या दिशेने झाडा.

आता पॉलिश. इंजिन कव्हरवर बऱ्याचदा कंपनीचा क्लिअर लॅकर, म्हणजे पारदर्शक थर असतो, तो पेंट रिमूव्हरने न काढता थेट बफ (पॉलिशचं फिरतं कापडी चाक) मारला तर चट्टे पडतात. कॉस्टिक सोड्यात बुडवायचा शॉर्टकट नको, अ‍ॅल्युमिनियम स्वतःच खाल्लं जातं आणि हायड्रोजन निघतो. कव्हर इंजिनवर असतानाच घासणं तर अजून वाईट, घासायच्या पेपरची (सँडपेपर) रेती आत गेली की इंजिनची वाट लागते. खोला, आणि गॅस्केट (सांधा बंद करणारी चकती) बसते त्या बाजूला पेपर लावू नका.

पेपर २२०, ४००, ६००, ८००, १००० असे पाण्यात ओले करून, दर वेळी दिशा आडवी बदलून. आधीच्या नंबरच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढचा घ्यायचा नाही. मी घाईत २२० वरून थेट ८०० मारला होता, तेव्हा छान दिसलं, बफ केल्यावर उन्हात नेलं तर आतून उभ्या रेघा अशा चमकत होत्या की परत पहिल्यापासून.

बफ करताना जो काळा राडा निघतो त्याला घाबरायचं नाही, तो निघतोच. कोकणात राहत असाल तर मात्र खाऱ्या हवेने ही चमक लवकर मरते, धुवून वॅक्स मारत राहा.

आणि वाकलेला ब्रेक लिव्हर गरम करून सरळ करणारे पण असतात, अ‍ॅल्युमिनियम लाल होत नाही, ६६० डिग्रीला सरळ वितळतं, आणि बारीक तडा गेलेला दिसतही नाही. तो नवाच घ्या.