जुन्या गाडीचा तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकतोय?

आधी एवढंच बघा: काटा नेमका कधी चढतो? सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो, तर संशय रेडिएटरच्या फॅनवर. गाडी उभी करून इंजिन चालू ठेवा आणि एसी लावा. बहुतेक गाड्यांत फॅन लगेच फिरायला लागतो. नाही फिरला तर फ्यूज, रिले (फॅनला वीज जोडणारा स्विच), मग मोटर, याच क्रमाने तपासा. फ्यूज सगळ्यात स्वस्त, आणि बऱ्याचदा तोच गेलेला असतो.

हायवेवर, चढावर काटा चढत असेल तर गोष्ट वेगळी. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी, रेडिएटर आतून चोंदलेला, नाहीतर थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटची वाट उघडणारी झडप) अडकलेला. इंजिन तापलं की बंद करा आणि रेडिएटरचे दोन्ही होज (रबरी पाइप) जपून चाचपा. वरचा चटका देतोय आणि खालचा गारच, म्हणजे थर्मोस्टॅट बहुधा उघडतच नाहीये.

रेडिएटरच्या झाकणाचं रबर कडक झालं असेल तर झाकण बदलाच. दाब टिकला नाही की कूलंट लवकर उकळतं. पण गरम इंजिनवर झाकण उघडू नका, उकळता फवारा थेट तोंडावर येतो.

रस्त्यातच काटा चढला तर एसी बंद, हीटर फुल. घाम फुटेल, पण इंजिनची उष्णता थोडी बाहेर पडते. तरीही उतरत नसेल तर गाडी बाजूला घेऊन बंद करा. ऑइल दुधाळ दिसलं तर हेड गॅस्केट (इंजिनच्या हेड आणि ब्लॉकमधलं सील) गेल्याची शंका. मग गाडी चालवायची नाही, टो करूनच न्यायची.