थंडीत सायकलची चेन गंजते ती याच चुकांमुळे

पावसाळा संपला की चेनकडे बघणंही संपतं. चिखल नाही, पाणी नाही, आता कशाला गंजेल? पण आपल्याकडे चेनचं मोठं नुकसान दिवाळीनंतर होतं. चार महिन्यांच्या पाण्याने आतलं तेल धुऊन गेलेलं असतं, आणि त्यावर रोज पहाटे दव पडतं. नाशिक, निफाड, पुणे, जुन्नर या पट्ट्यात निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री उघड्यावरचं लोखंड आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहतं, आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. म्हणून पाऊस नसताना सकाळी सीट ओली लागते. चेनही तेवढीच ओली झालेली असते, फक्त तिला कोणी हात लावून बघत नाही.

त्यामुळे पहिली चूक तेलाची नाहीच, जागेची आहे. सायकल रात्री उघड्या आभाळाखाली ठेवू नका. पत्र्याचं छप्पर, जिन्याखालची जागा, गॅलरी, गोठ्याची पडवी, काहीही चालेल. डोक्यावर आडोसा असला की दव जवळजवळ पडतच नाही. प्लॅस्टिकचं कव्हर जमिनीपर्यंत घट्ट ओढून घेणं मात्र उलट अंगावर येतं. जमिनीची ओल आत कोंडते आणि सूर्य वर आला तरी चेन सुकत नाही. कव्हर घालायचंच असेल तर खालून हवा खेळती ठेवा.

तेल बाहेर दिसतंय, पण आत आहे का?

चेनच्या प्रत्येक कडीत दोन बाजूंच्या पट्ट्या, मधली पिन आणि पिनेभोवती फिरणारा रोलर असतो. एका पिनेपासून पुढच्या पिनेचं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. घर्षण होतं ते पिन आणि रोलरच्या आत. तेल तिथे हवं. बाहेरच्या पट्ट्यांना गंज लागू नये इतका बोट फिरवल्यावर जेमतेम जाणवेल असा थर पुरतो. काळी, ओली, चकचकणारी चेन पाहून समाधान वाटतं, पण तिच्या बाहेरच्या तेलावर धूळ बसते. हिवाळ्यात रस्ते कोरडे, ऊसतोड सुरू, ट्रॉल्यांनी उडवलेली माती सगळीकडे. तेल आणि माती मिळून जो मळ होतो तो पॉलिश पेपरसारखा काम करतो, आणि पायडल मारताना चेनबरोबर दातेही झिजवतो.

म्हणूनच जुन्या मळावर नवीन तेल ओतणं ही मला सर्वांत महागात पडणारी चूक वाटते. नवं तेल मळ धुऊन काढत नाही, त्याला घेऊन आत शिरतं.

साफ करायला फार काही लागत नाही. जुना टूथब्रश, सुती फडकं आणि थोडं रॉकेल. रॉकेल मिळत नसेल तर रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन घ्या. पेट्रोल नको. त्याची वाफ पटकन पेट घेते आणि गॅलरीत गिझरची किंवा देवघरातल्या दिव्याची ज्योत जवळ असू शकते. रॉकेलमध्ये ब्रश बुडवून खालच्या बाजूची चेन दोन्ही अंगांनी घासा, पायडल उलटं फिरवत सगळ्या कड्या ब्रशखालून जाऊ द्या, मग फडक्यात चेन धरून फिरवा. फडक्यावर काळं उतरणं कमी होईपर्यंत हे करा. बोटं आणि फडकं चेनव्हीलपासून, म्हणजे पायडलजवळच्या दातेरी चक्रापासून, लांब ठेवा, दात्यात अडकलं तर बोट जातं. उरलेलं घाण रॉकेल मोरीत ओतू नका. बाटलीत दोन दिवस ठेवलं की गाळ खाली बसतो आणि वरचं पुन्हा वापरता येतं.

नवी चेन असेल तर यातलं काही करू नका. कारखान्यातून आलेलं ग्रीस आत नीट पोहोचवलेलं असतं. बाहेरून फक्त पुसा.

पाण्याने धुतली आणि तशीच ठेवली

सर्व्हिस सेंटरच्या जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने सायकल धुणं टाळा. ते पाणी हबच्या (चाकाच्या मध्याच्या) आणि क्रँकच्या (पायडलच्या दांड्याच्या) बेअरिंगमध्ये घुसतं आणि तिथून बाहेर निघत नाही. साबणाच्या पाण्याने धुतलीत तर स्वच्छ पाण्याने साबण पूर्ण काढा, फडक्याने पुसा, तास-दोन तास उन्हात ठेवा आणि मगच तेल घाला. ओल्या चेनवर तेल घातलं तर पाणी आतच राहतं. धुऊन संध्याकाळी कोरडी न करता ठेवली तर सकाळपर्यंत नारिंगी थर दिसू लागतो, कारण धुतलेल्या लोखंडावर अडवायला तेलाचा थर नसतो.

डब्ल्यूडी-४० हे स्प्रेच्या डब्यात मिळणारं द्रावण पाणी बाहेर काढायला बनलेलं आहे. नावातला डब्ल्यूडी म्हणजे पाणी हुसकावणं. ते इथे, धुतल्यानंतर, उपयोगी पडतं. पण ते मारलं म्हणजे चेनला तेल झालं, असं नाही. त्यातला बराचसा भाग उडून जातो आणि मागे राहणारा थर फार दिवस टिकत नाही. ते पुसून घ्या आणि मग खरं तेल घाला.

कोणतं तेल

घरात सापडेल ते तेल घालायची आपल्याकडे सवय आहे. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, म्हणजे डिसेंबरच्या सकाळी रोलरमध्ये त्याचा घट्ट गोळा असतो. करडई, जवस, सूर्यफूल ही तेलं हवेतल्या ऑक्सिजनने चिकट होत जातात आणि शेवटी वाळून कवच धरतात. जवसाचं तेल रंगात घालतात ते यासाठीच. चेनमध्ये मात्र या कवचाखाली कडी आखडते.

गॅरेजमधलं जळकं ऑइल फुकट मिळतं आणि जुन्या धाटणीची, बिनगिअरची काळी सायकल वापरणाऱ्या अनेकांची त्यावर श्रद्धा आहे. पण त्यात इंजिनाची काजळी आणि झिजलेल्या धातूचे कण असतात, ते सगळं आपण पिनेभोवती नेऊन ठेवतो. ग्रीस बाहेरून लावलं तर इतकं जाड की आत जातच नाही. मोटरसायकलच्या चेनचा स्प्रे तिथल्या रबरी रिंगांच्या चेनसाठी असतो. सायकलच्या चेनला त्या रिंगा नसतात, आणि तो चिकट थर बाहेरच बसून धूळ गोळा करतो.

देशावरच्या कोरड्या हिवाळ्यात सायकलच्या दुकानात मिळणारं ड्राय ल्यूब सर्वांत बरं. त्यात मेण किंवा तत्सम पदार्थ पातळ द्रावात मिसळलेला असतो. ते घालून लगेच निघू नका. द्राव उडायला काही तास लागतात, त्यामुळे रात्री घाला. ते नसेल तर शिलाई मशीनचं तेल. पातळ आहे, आत जातं, फक्त लवकर संपतं आणि पुन्हा घालावं लागतं. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर हवाच खारट, तिथे वेट ल्यूब, म्हणजे पाण्याने सहज न धुतलं जाणारं जाडसर तेल, घ्या आणि आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने मीठ पुसून, चेन कोरडी करून ल्यूबचा हात फिरवा.

घालायची पद्धत सगळ्यांसाठी एकच. खालच्या चेनच्या वरच्या अंगाला, प्रत्येक रोलरवर एक थेंब. पायडल उलटं पंधरा-वीस वेळा फिरवा, दहा मिनिटं थांबा, कोरड्या फडक्याने बाहेरचं सगळं पुसून टाका. डिस्क ब्रेक असेल तर स्प्रे अजिबात वापरू नका. डिस्कवर गेलेलं तेल ब्रेक पॅडमध्ये मुरतं आणि उतारावर ब्रेक लागत नाही. शाळेच्या आवारात दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुलींच्या सायकलींनाही तेल घालायची हीच पद्धत पुरते, आणि पाचवी-सहावीतलं मूल स्वतः करू शकतं.

जर्मनी, ब्रिटन किंवा कॅनडात सायकल चालवणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. तिथे बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, आणि खारं पाणी गंज कितीतरी वेगाने वाढवतं. मीठ लागलेली चेन त्याच दिवशी कोमट पाण्याने पुसा, कोरडी करा, वेट ल्यूब घाला. गार सायकल उबदार घरात आणली की तिच्यावर बाष्प जमतं, तेही पुसायला विसरू नका.

गंज आधीच लागला असेल तर

वरवरची नारिंगी पूड असेल तर घाबरू नका. रॉकेलमध्ये घासा, पुसा, तेल घाला. पण लिंबू, व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं अ‍ॅसिड चेनवर घालू नका. चेनचं पोलाद कडक केलेलं असतं. अ‍ॅसिडने ते ठिसूळ होऊन जोरात पायडल मारताना तुटू शकतं. शिमानो आपल्या चेनबरोबरच्या सूचनांत गंज काढणारी आम्लं आणि क्षार वापरू नका, असं स्पष्ट सांगते.

चेन चिरचिरत असेल तर ती कोरडी आहे. खरखर ऐकू येत असेल तर आत माती आहे, अशा वेळी तेल घालण्याआधी साफ करा. चेनच्या प्रत्येक फेरीत एकदाच टक्क होत असेल तर एखादी कडी आखडली आहे. पायडल हळू उलटं फिरवा, मागच्या चक्रावरून जाताना जी कडी सरळ होत नाही ती. तिच्यावर तेलाचा थेंब टाकून दोन्ही हातांनी आडवी हलवा. पिनेच्या कडेने लालसर पूड पुन्हा पुन्हा बाहेर येत असेल तर गंज आत आहे आणि ती चेन बदलावीच लागेल.

चढावर चेन दात्यावरून घसरत असेल तर तेलाने काही होणार नाही, ती झिजली आहे. स्टीलची पट्टी घ्या, एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा. तिथून पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. इंचाच्या सोळाव्या भागाने पुढे गेली असेल तर मागे अकरा-बारा चक्रं असलेल्या गिअरच्या सायकलची चेन बदला. काळ्या सायकलची चेन इंचाच्या आठव्या भागापर्यंत चालते. त्यापुढे ओढत राहिलात तर चेनव्हील आणि फ्रीव्हीलही (मागचं दातेरी चक्र) बदलावं लागतं. काळ्या सायकलच्या नव्या चेनचं लॉक बसवताना क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेने जाते त्या दिशेला ठेवा. उलटं बसवलं तर चेनकव्हरला किंवा काटकीला घासून क्लिप निघते आणि चेन रस्त्यात सुटते.