मे महिन्यातल्या लग्नासाठी सूटचं कापड

लग्न एप्रिल-मेमध्ये, रिसेप्शन लॉनवर, आणि दुकानात काउंटरवर उलगडला जातो तो सगळ्यात मऊ, सगळ्यात चकचकीत तागा. नवरदेव हात फिरवतो आणि तोच घेतो. सूट बिघडतो तो बहुतेकदा इथे. शिंपी उगाच बोलणी खातो.

आधी वजन बघा. ते दोन रीतींनी सांगतात आणि गोंधळ तिथेच होतो: जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन, आणि दुसरं म्हणजे पूर्ण पन्ह्याच्या एका मीटरचं. सूटिंगचा पन्हा ५८ ते ६० इंच, म्हणजे जवळजवळ दीड मीटर असतो. त्यामुळे १८० जीएसएम आणि मीटरला २७० ग्रॅम हे एकच कापड झालं. दुकानदार नुसतं "दोनशे सत्तरचं आहे" म्हणाला, तर कुठलं ते विचारा. २७० जीएसएम असेल तर मीटरला ४०० ग्रॅम भरतात; ते उन्हाळ्यात अंगावर नकोच. उत्तर गोलमाल आलं तर तुकडा काट्यावर ठेवायला सांगा. सव्वातीन मीटरचे ८०० ग्रॅमच्या आसपास भरले, की मीटरला २५० समजा.

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेला मीटरमागे २३० ते २६० ग्रॅम ठीक. पुण्या-नाशिकला वर्षभर वापरायचा सूट असेल तर २६० ते २९०. विदर्भात मे महिन्यासाठी हलकंच घ्या, डिसेंबरातल्या लग्नाला मात्र ३०० ते ३४० शोभतं. २२० च्या खाली जाऊ नका. इतक्या पातळ कापडाच्या शिवणी चुरमडतात, पँट मांडीला चिकटते आणि कोटाच्या आतल्या बकरमची, म्हणजे आकार टिकवायला घातलेल्या ताठ कापडाची, कड बाहेरून दिसते.

पण हलकं कापड थंड असेलच असं नाही. कापड तोंडाशी धरा आणि फुंकर मारा; पलीकडे धरलेल्या तळहाताला हवा लागली पाहिजे. मग ते उजेडासमोर धरा, विणीतून बारीक ठिपके दिसले तर उत्तम. जास्त पीळ दिलेल्या धाग्याची, साध्या विणीची लोकर हाताला किंचित खरखरीत लागते, म्हणून गिऱ्हाईक ती बाजूला सारतं. उन्हाळ्याला खरं तर तीच हवी. लोकर घामाची वाफ धाग्यात ओढून घेते, पॉलिएस्टर जवळपास काहीच शोषत नाही. पॉलिएस्टरचं प्रमाण जितकं जास्त, तितकी पाठ लवकर भिजते. खिसा आवरता ठेवायचा असेल तर टेरीवूल, म्हणजे पॉलिएस्टर-लोकर मिश्रण, घ्या, पण त्यात लोकर निदान निम्मी असू द्या. दोन तासांच्या एसी हॉलला टीआर, म्हणजे पॉलिएस्टर-व्हिस्कोस, चालून जातं. लिनन सगळ्यात गार, पण मंगलाष्टकं संपेपर्यंत कोपरात आणि गुडघ्यात घड्या पडलेल्या असतात. ते खपत असेल तरच घ्या, नाहीतर लिनन-लोकर मिश्रण शोधा. मखमल मे महिन्यात विसरा.

किनारीवरच्या 'सुपर १००', 'सुपर १५०' ला भुलू नका. हा आकडा लोकरीच्या तंतूच्या बारीकपणाचा आहे: सुपर १०० ला तंतू १८.७५ मायक्रॉनपेक्षा जाड नको, १५० ला १६.२५ पेक्षा. आकडा वाढला की कापड मऊ होतं, तसंच नाजूकही. मांड्यांच्या आत आणि बैठकीवर आधी विरतं. वर्षातून दहा-बारा वेळा घालायच्या सूटला १०० ते १२० पुरे. आणि टीआरच्या तुकड्यावर 'सुपर १५०' छापलेलं दिसलं, तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

शंका असेल तर कडेचे चार धागे काढून जाळून बघा. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. व्हिस्कोस कागदासारखं जळतं. केसांचा वास आणि कडक मणी दोन्ही आले, तर मिश्रण. मुठीत दहा सेकंद चुरगळून बघण्याची परीक्षा मात्र इथे फसवते, कारण पॉलिएस्टरही सुरकुती सोडतं. ती फक्त लिनन आणि व्हिस्कोससाठी ठेवा.

रंग ट्यूबलाइटखाली ठरवू नका. गडद निळा तिथे काळा दिसतो. कापड दारापाशी नेऊन बघा.

कापड किती? ५८ इंची पन्ह्यात कोट-पँटला ३ ते सव्वातीन मीटर, जाकीट हवं तर साडेतीन ते पावणेचार. मोठ्या चौकड्या जुळवायला किंवा उंची सहा फुटांवर असेल तर २५ ते ३० सेंटीमीटर जास्त घ्या. पँट कोटाच्या कितीतरी आधी झिजते, म्हणून दुसऱ्या पँटचं सव्वा मीटर त्याच ताग्यातून त्याच दिवशी कापून घ्या. नंतरच्या ताग्याची छटा जुळेलच याची खात्री नाही.

शिंप्याकडे तीन गोष्टी आधीच बोला. कापायच्या आधी कापडाला वाफ द्यायची, नाहीतर पहिल्या ड्रायक्लीनिंगनंतर बाही आखडते. लिनन असेल तर भिजवूनच घ्यायचं. अस्तर पाठीला अर्धंच, तेही व्हिस्कोसचं किंवा बेंबर्गचं, म्हणजे कापसापासून बनणाऱ्या रेशमासारख्या कापडाचं. चांगली लोकर घेऊन आत पूर्ण पॉलिएस्टरचं अस्तर लावलं की सगळा खर्च वाया. आणि पातळ कापडाला चिकटवायचं बकरम हलकंच. जाड लावलं किंवा इस्त्री कमी-जास्त झाली की छातीवर फुगे येतात, आणि ते दुरुस्त होत नाहीत.

लग्न झाल्यावर सूट घामासकट कपाटात टांगू नका. कसर लागते ती अशाच लोकरीला. एक रात्र वाऱ्यावर ठेवा, ब्रश फिरवा, डाग असतील तरच ड्रायक्लीनिंगला द्या, आणि प्लॅस्टिकऐवजी सुती पिशवीत ठेवा.